पॅलाडिनचं दुकान: आशीर्वाद विकायचाय तर आधी टिकणारा माल बघा

आमच्या टेबलावर डंजन्स अँड ड्रॅगन्स चालतं, फासे टाकत गोष्ट पुढं न्यायचा खेळ, आणि त्यात अण्णा पॅलाडिन खेळतो, म्हणजे चिलखतातला, शपथ घेतलेला धर्मयोद्धा, मारतो पण आणि हात लावून बरं पण करतो. घरचा अडतीचा धंदा, लहानपणापासून सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याचे लिलाव बघत मोठा झालेला माणूस, त्यामुळं कॅरेक्टर शीट, म्हणजे आपल्या पात्राचा कागद, हातात पडल्यावर तलवार किती मारते हे त्यानं विचारलंच नाही, पहिला प्रश्न काय तर, "हा ब्लेस मी दुसऱ्याला विकू शकतो का बे?" ब्लेस म्हणजे आशीर्वादाचा मंत्र. मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि नियम बघणारा, मला वाटलं मस्करी करायलाय. नव्हता करत.

पुढच्याच रविवारी त्यानं दुकान लावलं. माझ्या गेममधल्या गावात जत्रा होती, ती मी सरळ आपल्या सोलापूरच्या गड्डा यात्रेवरून उचलली होती, होम मैदानावर जानेवारीत असते तशी, पाळणे, खेळणी, भज्यांचा वास, सगळं तेच, फक्त गर्दीत दोन-चार एल्फ. एका कोपऱ्यात कुस्त्यांचा फड. अण्णानं फडाच्या बाहेर तंबू ठोकला आणि ओरडायला सुरुवात केली, आशीर्वाद घ्या आशीर्वाद, वीस गोल्डला एक. तीन पैलवान आले, साठ गोल्ड दिले, आशीर्वाद घेतला, फडात जाऊन लंगोट कसेपर्यंत आशीर्वाद संपला. कारण ब्लेस टिकतो एक मिनिट. आणि वर गंमत अशी की टिकला असता तरी उपयोग नव्हता, कारण २०१४ च्या नियमात पकडापकडी हा ॲथलेटिक्सचा चेक आहे, म्हणजे कसबाची फाशावरची परीक्षा, आणि ब्लेसचा डी४, म्हणजे चार बाजूंच्या फाशाची भर, मिळतो फक्त हल्ल्याच्या फाशाला आणि सेव्हिंग थ्रोला, म्हणजे संकटातून वाचायच्या फाशाला, चेकला नाही. तिघं हरले. तिघं परत आले. पुढचा तासभर आम्ही अण्णाला त्या जत्रेतून जिवंत बाहेर काढण्यात घालवला.

तेव्हापासून दीड वर्ष हा धंदा चालू आहे, आता बऱ्यापैकी चालतो, म्हणून लिहून काढतोय. खालचे नियम पाचव्या आवृत्तीचे, २०१४ च्या पुस्तकातले, कारण आमच्याकडं तेच पुस्तक आहे आणि त्याची पण बाइंडिंग सुटलीय. २०२४ च्या पुस्तकामुळं जिथं फरक पडतो तिथं सांगतो. आणि हे सगळं फाशांच्या खेळातलं आहे हो, खऱ्या आयुष्यात चमत्काराचे पैसे घ्यायला जाल तर महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणा विरोधी कायदा आहे, तिथं सेव्हिंग थ्रो मिळत नाही.

आधी गोदाम मोजा

धंदा सुरू करायच्या आधी तुमच्याकडं विकायला रोज किती माल आहे ते मोजा. पॅलाडिन हा काय क्लेरिक, म्हणजे मंत्र मारणारा पुजारी, नाही. पाचव्या लेव्हलच्या क्लेरिककडं पहिल्या लेव्हलचे ४, दुसऱ्याचे ३ आणि तिसऱ्याचे २ स्लॉट असतात. (लेव्हल इथं दोन आहेत, पात्र किती पुढं गेलंय त्याची एक आणि मंत्र किती जड आहे त्याची दुसरी, आणि स्लॉट म्हणजे दिवसात एक मंत्र मारायची जागा.) पाचव्या लेव्हलच्या पॅलाडिनकडं पहिल्याचे ४ आणि दुसऱ्याचे २, बास. म्हणजे गावात देऊळ असेल, देवळात बऱ्यापैकी क्लेरिक असेल, तर नुसत्या मंत्राच्या भावात तुम्ही त्याच्याशी टक्कर घेऊच नका, तो तुम्हाला झोपवणार.

दुसरं म्हणजे हा माल नाशवंत आहे. लाँग रेस्ट, म्हणजे रात्रभराची झोप, झाली की सकाळी सगळे स्लॉट परत भरतात, आणि रात्री जो न वापरता राहिला त्याची किंमत शून्य. एप्रिलात सोलापूरच्या सात रस्ता चौकात बर्फाची लादी विकायला ठेवल्यासारखं आहे हे, दुपारी भाव करत बसलात तर संध्याकाळी नुसतं ओलं पोतं. पण उलटी बाजू पण आहे, जी अण्णाला फार उशिरा कळली. पॅलाडिनचा प्रत्येक स्लॉट म्हणजे एक स्माईट, म्हणजे दैवी फटका, सुद्धा आहे, पहिल्या लेव्हलच्या स्लॉटला २डी८, म्हणजे आठ बाजूंच्या दोन फाशांचं, जास्तीचं डॅमेज. सकाळी सकाळी सगळे स्लॉट विकून खिसा भरलात आणि दुपारी रस्त्यात ओगर, म्हणजे धिप्पाड राक्षस, भेटला तर काय त्याच्या अंगावर गोल्ड फेकून मारणार?

म्हणून नियम नंबर एक, दुकान सकाळी उघडायचं नाही. दुकान दिवस मावळताना उघडायचं. दिवसभराची मारामारी संपलेली असते, जे स्लॉट उरलेत ते तसेही झोपेत जाणार असतात, तेच विका. आता तुम्ही म्हणाल संध्याकाळी कोण आशीर्वाद घेणार, तर रात्रपाळीवाले. माझे आजोबा मिलमध्ये होते, रात्रपाळीच्या गोष्टी ऐकतच मोठा झालो, अर्धं सोलापूर एकेकाळी भोंग्यावर जगायचं. तसंच कुठल्याही फँटसी गावात रात्री जागणारे लोक असतातच, गोदामाचे राखणदार, वेशीवरचे शिपाई, स्मशानातले कामगार, आणि खरं सांगायचं तर चोर पण, पण त्यांचं गिऱ्हाईक घेऊ नका, का ते पुढं येईल.

रात्रपाळीला काय विकायचं? एड. दुसऱ्या लेव्हलचा मंत्र, ८ तास टिकतो, कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे मंत्र टिकवायला लक्ष धरून बसणं, लागत नाही, एका स्लॉटमध्ये तिघांचे हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद, ५ नं वाढतात, कमाल मर्यादेसकट. तुम्ही मंत्र मारा, पैसे घ्या, जाऊन झोपा, तुम्ही घोरताय आणि तिकडं माल काम करतोय. साहित्य काय लागतं तर पांढऱ्या कापडाची एक चिंधी. सोलापुरात बसून खेळतोय आम्ही, टॉवेलच्या गावात, चिंधीला काय तोटा. (नियमानं तिची पण गरज नाही, पवित्र चिन्ह हातात असलं की चालतं, पण अण्णा हट्टानं टॉवेलची दशी फाडून गिऱ्हाइकाच्या मनगटाला बांधतो, म्हणतो काहीतरी हातात दिसलं की माणूस भाव करत नाही.)

भाव

पुस्तक इथं हात वर करतं. २०१४ च्या पुस्तकात ठरलेले दर नाहीत, एवढंच म्हटलंय की शहरात पहिल्या-दुसऱ्या लेव्हलचा मंत्र मारणारा सहज मिळतो आणि त्याला १० ते ५० गोल्ड पडू शकतात, महागडं साहित्य लागलं तर त्याचे वेगळे. जुन्या साडेतीन आवृत्तीत हिशोब सरळ होता, मंत्र मारणाऱ्याची कास्टर लेव्हल गुणिले मंत्राची लेव्हल गुणिले १०. पॅलाडिनची कास्टर लेव्हल तिथं त्याच्या लेव्हलच्या निम्मी धरायची, म्हणजे चौथ्या लेव्हलच्या पॅलाडिनचा पहिल्या लेव्हलचा मंत्र २ गुणिले १ गुणिले १० म्हणजे २० गोल्ड. मला तो हिशोब अजून आवडतो, गिऱ्हाइकाला पाटीवर लिहून दाखवता येतो.

पण आकडा बघायच्या आधी गिऱ्हाईक बघा. त्याच पुस्तकात बिनकसबी मजुराचा रोज २ सिल्व्हर दिलाय. १० सिल्व्हरचा १ गोल्ड. म्हणजे तुमचा सगळ्यात स्वस्त, १० गोल्डचा आशीर्वाद हा त्या मजुराचा ५० दिवसांचा रोज झाला. पन्नास दिवस तो जेवणार नाही, घरभाडं देणार नाही, आणि तुमच्याकडून काय घेणार, आठ तासांचे पाच हिट पॉइंट? नाही घेणार. अण्णानं पहिले तीन सेशन राखणदारांच्या मागं लागून फुकट घालवले आणि मग त्याच्यातला अडत्या जागा झाला. गिऱ्हाईक राखणदार नाहीच मुळी, गिऱ्हाईक गोदामाचा मालक आहे. मालकाच्या गोदामात दोन हजार गोल्डची लोकर पडलीय, त्याला तीन राखणदार एका रात्रीसाठी दणकट करायला ३० गोल्ड जड नाहीत. माल ज्याचा जाणार पैसे त्यानं द्यायचे. आणि महिन्याचा ठराव करा, रोजच्या रोज घासाघीस करण्यात तोंडाची वाफ जाते.

दुसरं मोठं गिऱ्हाईक म्हणजे तुमच्यासारखेच दुसरे साहसवीर. त्यांच्याकडं ड्रॅगनचं सोनं असतं, अक्कल कमी असते आणि मरायची भीती असते, याहून चांगलं गिऱ्हाईक देव पण देणार नाही.

पवित्र पाण्याची पट्टी

प्रत्येक नवीन पॅलाडिनला वाटतं की आपण होली वॉटर, म्हणजे भुताप्रेतांवर फेकायचं पवित्र पाणी, बनवून बाटल्या विकू. आमच्या टेबलावर पहिला विनोद हाच झाला की पाण्यात घालायच्या चांदीचं बघता येईल पण पाणी कुठून आणणार, नळाला तर चार-पाच दिवसांनी येतं. पण विनोद सोडा, हिशोब बघा. एक बाटली बनवायला २५ गोल्डची चांदीची पूड लागते, एक तास विधी, आणि पहिल्या लेव्हलचा एक स्लॉट जातो. आणि बाटलीचा पुस्तकातला भाव किती? २५ गोल्ड.

सोलापूरच्या माणसाला ही पट्टी ओळखीची वाटेल. फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्याच यार्डात ५१२ किलो कांदा घालून हमाली, तोलाई, भाडं सगळं कापून एका शेतकऱ्याच्या हातात २ रुपयांचा चेक पडला होता, देशभर गाजलं होतं ते. होली वॉटरमध्ये तेवढे २ रुपये पण नाहीत. वर ती चांदी थोडीथोडकी नाही, पुस्तकातल्या दरानं एक पौंड चांदी ५ गोल्डला, म्हणजे एका बाटलीत पाच पौंड, आपले सव्वादोन किलो. सव्वादोन किलो चांदी एका बाटलीत विरघळवायची, तासभर मंत्र म्हणायचे, आणि नफा शून्य.

म्हणजे हा धंदा करायचाच नाही का? करायचा, पण नफा पाण्यात नाही चांदीत आहे हे लक्षात घेऊन. अण्णानं एका चांदीच्या खाणीत भुतं शिरली होती ती साफ करून दिली आणि मोबदल्यात गोल्ड न घेता खाणीतली पूड घेतली, मालकाच्या घरच्या दरानं. खाणवाल्याला रोकड सुटत नव्हती, पूड सुटत होती, दोघं खूश. मी डीएम म्हणून त्याला २५ ची पूड १५ ला पडू दिली, कारण त्यासाठी त्यानं दोन सेशन मार खाल्ला होता. मग बाटलीमागं १० सुटले. पूड विकत आणून बाटल्या भरायच्या असतील तर नका भरू.

आता एक प्रश्न येतो, स्मशानातून प्रेतं चालत यायला लागलेल्या गावात २५ ची बाटली १०० ला विकावी का. विकली जाईल. बाजार म्हणेल विका. तुमची शपथ काय म्हणेल ते पुढं बघू.

टिकणारा माल, न संपणारा माल

एडच्या पुढं काय? सेरेमनी नावाचा एक मंत्र आहे, २०१७ च्या झनाथर्स गाइड या जोडपुस्तकातला, पहिल्या लेव्हलचा, तासभराचा, आणि याला पण २५ गोल्डची चांदीची पूड लागते. यात लग्न लावता येतं, नवराबायको एकमेकांच्या ३० फुटांत असतील तोवर ७ दिवस दोघांना आर्मर क्लासला, म्हणजे वार न लागू देण्याच्या आकड्याला, २ जास्तीचे. अंत्यविधी करता येतो, मग ७ दिवस त्या प्रेताचं भूत होऊ शकत नाही. वयात आलेल्या पोराचा विधी आहे, २४ तास चेकला डी४. दीक्षेचा विधी आहे, २४ तास सगळ्या सेव्हिंग थ्रोला डी४, म्हणजे ब्लेसचा निम्मा माल एका मिनिटाऐवजी पूर्ण दिवस. पण ही गिऱ्हाइकं आयुष्यात एकदाच येतात, वयात येणं आणि दीक्षा एका माणसाला एकदाच लागू होते, लग्न पुन्हा लागू होण्यासाठी आधी विधुर किंवा विधवा व्हावं लागतं. म्हणून याचं दुकान एका गावात टाकू नका, फिरतं ठेवा, लग्नसराईत. आणि लग्नाला फी सांगू नका, पुडीचे २५ आधी घ्या आणि बाकी आहेर म्हणून येऊ द्या, वधूपिता चार लोकांत कधीच कमी देत नाही. एक तांत्रिक गोष्ट, २०१४ च्या पॅलाडिनला मंत्र विधी म्हणून फुकट मारता येत नाही, स्लॉट जातोच, २०२४ च्या नियमात मात्र रिच्युअल टॅग असलेला मंत्र तयार असेल तर स्लॉट वाचतो. नवं पुस्तक वापरत असाल तर लग्नाचा धंदा एकदम चोख.

पण खरा माल मी मुद्दाम मागं ठेवलाय. सहाव्या लेव्हलला पॅलाडिनला ऑरा ऑफ प्रोटेक्शन मिळतो, म्हणजे भोवती संरक्षणाचं वलय. तुम्ही शुद्धीवर आहात तोवर १० फुटांतल्या तुमच्या सगळ्या माणसांना प्रत्येक सेव्हिंग थ्रोला तुमचा करिष्मा मॉडिफायर, म्हणजे तुमच्या व्यक्तिमत्त्वाच्या जोराची भर, मिळतो. स्लॉट नाही, वेळ नाही, साहित्य नाही. तुमचा करिष्मा ३ चा असेल तर सरळ ३, ब्लेसच्या डी४ ची सरासरी अडीच. म्हणजे सेव्हच्या बाबतीत तुम्ही नुसते गिऱ्हाइकाच्या शेजारी उभे राहिलात तरी ब्लेसपेक्षा जास्त देताय, आणि दिवसभर देताय. दहाव्या लेव्हलला वर ऑरा ऑफ करेज, शेजारच्याला भीतीच वाटू शकत नाही.

मग विकायचं काय? शेजारी उभं राहणं. हा धंदा आशीर्वादाचा नाहीच, सोबतीचा आहे. व्यापाऱ्याच्या तांड्याबरोबर चार दिवस चालायचे इतके, राजदूताच्या मागं उभं राहायचे इतके, शापित वाड्यात सर्व्हेला जाणाऱ्या माणसाला सोबत इतके. दिवसावर पैसे घ्या, आणि मग गंमत बघा, तुम्ही बरोबर असल्यामुळं तो एका मिनिटाचा ब्लेस पण आता कामाचा झाला, कारण दरोडेखोर आले त्या क्षणी तुम्ही तिथंच आहात. पैलवानांना विकलेला ब्लेस फसवणूक होती, तांड्याबरोबर दिलेला तोच ब्लेस नोकरी आहे. देवळातला क्लेरिक देऊळ सोडून तुमच्या बरोबर चिखलात चार दिवस चालत नाही, तिथंच तुम्ही त्याला गाठता.

रांग

आता ले ऑन हँड्स, म्हणजे हात लावून बरं करायची शक्ती. लेव्हल गुणिले ५ एवढे पॉइंट रोज, म्हणजे पाचव्या लेव्हलला २५, आणि ५ पॉइंट खर्चून एक रोग किंवा एक विष उतरवता येतं. (२०२४ मध्ये रोग गेला, फक्त विषबाधा उतरते.) दिवसाला पाच रोगी, खर्च शून्य, स्लॉट शून्य. कागदावर हा तुमचा सगळ्यात नफ्याचा माल आहे.

आमच्याकडं काय झालं ते सांगतो. अण्णा एका गावात मुक्कामाला होता, सकाळीच त्यानं दुसऱ्या लेव्हलचे दोन्ही स्लॉट एका व्यापाऱ्याला विकले होते, चांगल्या भावानं, खुशीत होता. दुपारी मी तंबूबाहेर रांग लावली. तापाची साथ, सात माणसं. अण्णानं पाच जणांना हात लावला, ज्याच्याकडं जे होतं ते घेतलं, कुणाकडून कोंबडी, कुणाकडून २ सिल्व्हर. पॉइंट संपले. सहावी एक म्हातारी आणि सातवं एक पोरगं. लेसर रिस्टोरेशन हा दुसऱ्या लेव्हलचा मंत्र, तो पण रोग घालवतो, दोन स्लॉट म्हणजे दोन माणसं, पाच अधिक दोन सात, हिशोब बरोबर बसत होता, आणि ते दोन स्लॉट सकाळीच विकलेले.

अण्णा म्हणाला, "उद्या या म्हणून सांगतो त्यांना."

तेवढ्यात काकू, म्हणजे अण्णाची आई, कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन वर आल्या होत्या, त्यांना आमचा खेळ ओ की ठो कळत नाही, पण पोरगं आणि ताप एवढं ऐकलं त्यांनी. "उद्या कसं रे? रात्र काढंल का ते लेकरू?" म्हणाल्या आणि ताट ठेवून खाली गेल्या.

टेबलावर कुणी बोललं नाही. मी काही ठरवलं नव्हतं खरं तर, सगळ्यांसमोर दोघांचे कॉन्स्टिट्यूशन, म्हणजे प्रकृतीचे, सेव्ह टाकले, चटणीनं माखलेल्या फाशावर. म्हातारी गेली, पोरगं वाचलं. अण्णानं सकाळच्या व्यापाऱ्याचे पैसे त्या सेशनला मोजलेच नाहीत, शीटवर लिहायला विसरला म्हणाला. संध्याकाळी दुकान उघडायचा नियम वर दिलाय ना, तो नफ्याच्या हिशोबातून नाही आला, त्या दिवशी आला. तेव्हापासून दुसऱ्या लेव्हलचे स्लॉट सूर्य मावळेपर्यंत तो विकत नाही, कोणी काहीही देऊ दे.

शपथ आणि गल्ला

जुने नियम करणाऱ्यांना हा सगळा धोका आधीच दिसला होता असं मला वाटतं. १९७८ च्या ॲडव्हान्स्ड डी अँड डीच्या पुस्तकात पॅलाडिननं उत्पन्नाचा १० टक्के भाग देवाधर्माला द्यायचाच, गरजेपुरतं ठेवून बाकी संपत्ती साठवायचीच नाही, आणि जादूच्या वस्तू जास्तीत जास्त १०, त्यात पण चिलखत १, ढाल १, शस्त्रं ४ आणि इतर ४ असं राशन. दुकान टाकायची सोयच नव्हती. साडेतीन आवृत्तीत साठवायची बंदी गेली पण आचारसंहिता राहिली, खोटं बोलायचं नाही, फसवायचं नाही, अडल्यानडल्याला मदत करायची, मोडलं तर शक्ती गायब. पाचव्या आवृत्तीत शक्ती शपथेतून येते, देवळाचा मालक डोक्यावर असायलाच पाहिजे असं नाही, म्हणून धंदा शक्य झाला. पण शपथ आहेच. डिव्होशनची शपथ घेतली असेल तर प्रामाणिकपणा आणि दया त्यात लिहून आलीय. मोडली तर आधी रात्रभर जागून प्रार्थना, उपास असली प्रायश्चित्तं, आणि पश्चात्ताप नाहीच झाला तर डीएम क्लास, म्हणजे पॅलाडिनपणच, काढून घेऊ शकतो.

आमच्या टेबलावर जे चालतं ते असं. पैसे कशाचे तर वेळेचे आणि साहित्याचे, चमत्काराचे नाहीत. भाव आधी सांगायचा, काम झाल्यावर नाही, आणि माल किती टिकतो ते गिऱ्हाइकानं न विचारता सांगायचं, पैलवानांना सांगितलं असतं तर जत्रेतून पळावं लागलं नसतं. आजारी माणसाला भाव नाही, देईल ते घ्यायचं. प्रेतं चालत आलेल्या गावात बाटली २५ लाच, आणि बाटल्या संपल्या की स्वतः जायचं. चोराला आशीर्वाद नाही, कारण रात्री तो ज्याला मारेल त्याचा हिशोब पण तुमच्या खात्यावर. दहावा हिस्सा बाजूला काढायचा नियम आता पुस्तकात नाही पण अण्णा अजून काढतो, घरची सवय आहे म्हणतो.

आणि मोठ्या लोकांना उधार देऊ नका. इतिहासातले टेम्पलर नाइट म्हणजे खरेखुरे धर्मयोद्धे, यात्रेकरूंचे पैसे एका गावी ठेवून घ्यायचे आणि चिठ्ठीवर दुसऱ्या गावी द्यायचे, आपल्या हुंडीसारखं, त्यातून एवढे मोठे झाले की राजेलोक त्यांच्याकडून कर्ज घ्यायला लागले. फ्रान्सच्या चौथ्या फिलिप राजाच्या डोक्यावर त्यांचं देणं होतं. त्यानं १३ ऑक्टोबर १३०७ ला फ्रान्समधल्या टेम्पलरांची एका दिवसात धरपकड केली, १३१२ मध्ये पोपनं संघटनाच मोडली. म्हणजे कर्ज पण गेलं आणि सावकार पण.

डीएम लोकांना थोडंसं

नाही म्हणू नका. प्लेअर धंदा करतोय म्हणजे तो तुमच्या गावात राहायला लागलाय, यापेक्षा अजून काय पाहिजे. फक्त धंद्याबरोबर जे जे येतं ते सगळं येऊ द्या, शेजारच्या देवळातला चिडलेला क्लेरिक, जागेचं भाडं मागणारा पाटील, परत आलेलं गिऱ्हाईक, रांग. आणि रोजच्या विक्रीचे फासे टाकत बसू नका, सेशनच्या सुरुवातीला एकदाच आठवड्याचा गल्ला ठरवून टाका आणि मग त्या गल्ल्यातून एक भानगड काढा. आमची शेवटची भानगड झोन ऑफ ट्रुथमधून निघाली.

हा मंत्र म्हणजे व्यापाऱ्यांचं स्वप्न आहे. दुसऱ्या लेव्हलचा, १० मिनिटं, १५ फूट त्रिज्येचा गोल, आत असलेल्यानं करिष्मा सेव्ह हरला तर मुद्दाम खोटं बोलता येत नाही, आणि कोण हरलं कोण जिंकलं हे मंत्र मारणाऱ्याला कळतं. गप्प बसता येतं, गोलगोल बोलता येतं, पण खोटं नाही. सौदा करायच्या आधी दोघांना गोलात उभं करायचं आणि मालाबद्दल विचारायचं. अण्णा म्हणतो यार्डात असं एखादं असतं तर बापानं दुकान बंद केलं असतं.

तर एक लोकरीचा व्यापारी आणि मेंढ्यावाली म्हातारी, दोघांचा सौदा. अण्णा मध्ये साक्षीला. मंत्र ६० फुटांवरून पण मारता येतो, स्वतः बाहेर राहून, मी त्याला दोनदा विचारलं, कुठं उभा आहेस? हा म्हणाला मध्येच, रुबाबात. मग सेव्ह टाक म्हटलं, गोलात जो आहे त्याला टाकावाच लागतो, मंत्रवाला असला तरी. चार पडले, म्हणजे हरला.

म्हातारीनं व्यापाऱ्याला काही विचारलंच नाही. ती अण्णाकडं वळली आणि म्हणाली, "साहेब, या साक्षीचे माझ्याकडून साठ घेतले. याच्याकडून किती घेतले?"

चाळीस घेतले होते. अण्णा गप्प. नियमानं गप्प बसता येतं, आम्ही पण गप्प, खाली गल्लीत भंगारवाला ओरडत होता तेवढाच आवाज. शेवटी अण्णानं शीटवरचे वीस गोल्ड खोडले, म्हातारीला दिले, आणि मला म्हणाला, "एक पाटी लिही तंबूवर, दर सगळ्यांना सारखा."

पाटी अजून आहे. खाली त्यानं स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवलीय, आज रोख उद्या उधार.